पारोळ्याअलीकडे तापलेली फियाट

पारोळा यायच्या आतच तापमानाचा काटा लाल पट्ट्यात शिरला. मी नानांना म्हटलं, गाडी बाजूला घ्या. नाना म्हणाले, पुढे निंब आहे, सावलीत घेतो. निंबाखाली पोचेपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली होती.

गाडी म्हणजे डुक्कर फियाट. मूळची इटलीची, गोल नाकामुळे आपल्याकडे हे नाव पडलेलं. पुढची दारं उलटी उघडतात, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि पुढे एकच अखंड सीट. त्या सीटवर आम्ही तिघं होतो. नाना, मध्ये त्यांची लेक सुनंदा आणि खिडकीशी मी. जळगावात मी गॅरेज चालवते आणि नानांची ही गाडी माझ्या वडिलांपासून दुरुस्तीला आमच्याकडेच येते. ती चालवताना पाय हलका ठेवावा लागतो, गिअर विचारून टाकावा लागतो. मग जी पळते, तशी मजा आजच्या कुठल्याही गाडीत नाही, आणि यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आणायची ती याच गाडीतून, असा नानांचा नेम. लग्नात सुनंदा याच गाडीतून सासरी धुळ्याला गेली होती. पण यंदा मुलाने, प्रशांतने, अट घातली होती. गाडी एकदा जरी दोर लावून ओढावी लागली, तरी ती पुण्याच्या गिऱ्हाईकाला द्यायची. नानांनी रागाच्या भरात हो म्हटलं आणि मला सोबत घेतलं. प्रशांत त्याच्या नव्या गाडीतून मागे होताच.

मी बॉनेट उघडलं. तेवढ्यात नाना समोरच्या टपरीवरून माठातलं पाणी घेऊन आले आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला लागले.

"नाना, हात मागे घ्या," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

तापलेलं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की धातू तडकतो. मग दोर लावूनही उपयोग नाही. ते तांब्या धरून तसेच उभे राहिले. 

प्रशांत पोचला. त्याने आपल्या गाडीच्या डिकीतून दोर काढला आणि निंबाच्या बुंध्याशी ठेवला. मला त्याचा रागच आला. पण त्याचंही चूक नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात बाप याच रस्त्यावर भर दुपारी अडकून पडला होता.

मी विचार करत होते. रेडिएटर मी स्वतः साफ केलेला. पंख्याचा पट्टा नवा. सकाळी जाताना काटा मधोमध होता. म्हणजे जे झालं ते धुळ्यात. मी सुनंदाच्या सासरी जेवायला बसले होते तेवढ्या वेळात. मी पुढच्या जाळीमागे हात घातला. हाताला गवत लागलं. ओढलं, तर कूलरच्या ताटीचा हातभर तुकडा बाहेर आला. वाळलेला आणि धुळीने गच्च भरलेला.

मी नानांकडे पाहिलं. ते गाडीकडे बघत मला म्हणाले, "घरमा आपले कूलर लागस. तिले बी ऊन लागस ना, ताई."

सुनंदाच्या सासरी नवीन ताट्या बसवल्या होत्या. जुन्यातला तुकडा नानांनी भिजवून गाडीच्या नाकाशी खोचला होता. वाऱ्यावर चालणाऱ्या रेडिएटरचा वाराच बंद. हसावं की ओरडावं कळेना.

अजून एक भीती होती. इंजिनाच्या डोक्याखाली एक पातळ अस्तर असतं, हेड गॅस्केट. ते जळलं असेल तर खेळ संपला. इंजिन हाताला सोसेल इतकं निवल्यावर मी झाकण उघडलं आणि डिकीतल्या कॅनमधलं, उन्हाने कोमट झालेलं पाणी बेताबेताने ओतलं. मग सुनंदाला चावी फिरवायला सांगितली. अस्तर गेलं असेल तर पाण्यात बुडबुडे येतात. गाडी सुरू करून तीही खाली उतरली आणि आम्ही चौघंही त्या भोकात वाकून बघत होतो. प्रशांतसुद्धा.

बुडबुडे आले नाहीत.

नानांनी डोळे पुसले. उन्हाने ते दमले होते, तेव्हा मी म्हटलं, प्रशांत चालवेल. प्रशांतने ती गाडी कधी चालवली नव्हती, म्हणजे नानांनी कधी हातात दिलीच नव्हती. नानांनी गाडी बंद करून चावी काढली. मग ती त्याच्या हातावर ठेवली.

मी प्रशांतची एसी गाडी चालवत मागे होते. पहिले दोन-तीन गिअर त्याने असे टाकले की माझे दात शिवशिवले. एरंडोलनंतर मात्र गाडी मोकळी पळायला लागली. नानांचा हात खिडकीबाहेर निवांत टेकलेला दिसत होता.

पुढच्या आठवड्यात प्रशांत एकटाच फियाट घेऊन गॅरेजला आला. क्लच जरा बघा म्हणाला. मी पुण्याच्या गिऱ्हाईकाचं विचारलं.

"नाही म्हणून कळवलं," तो म्हणाला. "आखाजीला सुनंदाअक्काला आणायला गाडी लागते ना."

तेव्हापासून उन्हाळ्यात जुनी गाडी तापून आली की मी आधी जाळीमागे हात घालते. मालकाची माया कुठे खोचलेली असेल, सांगता येत नाही.