दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचलेला निकाल

“पुस्तक उन्हात ठेव. आन् तू बी तिथंच ऱ्हा.”

मोठ्या बाई ओसरीवरनं बोलल्या. मी लेकीचं प्रगतीपुस्तक अंगणातल्या दगडी पायरीवर ठेवलं आन् चार पावलं मागं सरले. मे महिन्याचं ऊन. पायात काय न्हाई. आमच्या हातातली वस्तू घटकाभर उन्हात पडली की मगच बाई तिला हात लावायच्या. खुरपं असू दे न्हाईतर निकालाचं पुस्तक. पुस्तक तापलं, मी बी तापले. मग त्या खाली उतरल्या, पदराच्या टोकानं पुस्तक उचललं, पानं चाळली.

“नापास हाय गं. गणितात भोपळा. लेकीला कलेक्टर करायची व्हती व्हय तुला? उद्यापास्नं गोठ्यात धाड. शेण तरी काढंल.”

बाजूला शेंगा फोडत बसलेल्या दोघी फिदीफिदी हसल्या. मी पुस्तक उचललं आन् “व्हय बाई” म्हणले. व्हय म्हणले! आज बी ते आठवलं की माझंच थोबाड फोडावं वाटतं.

मोठ्या बाई म्हंजी गावच्या बागायतदाराची बायको. भांडगावच्या पलीकडं, सोलापूर रस्त्यापास्नं आत आमचं गाव. दुष्काळात समद्यांनी खडी फोडली, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. माझा नवरा त्यांच्या उसात, मी त्यांच्या गोठ्यात. आमचं खोपाट बी त्यांच्याच बांधावर. खायचं त्यांचं, ऱ्हायचं त्यांच्यात. मग वाचायचं बी त्यांच्याच डोळ्यानं, दुसरं काय!

घरी आले. सुमन दारात उभी व्हती. दहा वर्षांची पोर, नुकती चौथीची परीक्षा दिलेली. लई खुशीत व्हती. म्हणाली, “आये, बाईंनी काय सांगितलं? दुसरा नंबर हाय ना माझा?”

मी तिला मारलं. आधी चापट, मग चुलीजवळची फोकाटी, जळणातली बारीक काठी. “खोटं बोलतीस? नापास हुतीस आन् वर नंबर सांगतीस?” ती ओरडत व्हती, “आये, लिव्हलंय त्यात, लिव्हलंय!” पुस्तक उघडून माझ्या म्होरं धरत व्हती. बोट ठेवून दावत व्हती. मला त्यात काय दिसणार? काळ्या मुंग्या. मी म्हणले, “मोठ्या बाई खोटं बोलतील व्हय?” आन् आणखी दोन हाणल्या.

हे नीट ऐका. मला अक्षर येत नव्हतं, ते खरं. पण लेकीचं तोंड तर दिसत व्हतं की. खोटं बोलणारं पोर असं पुस्तक उघडून म्होरं धरत न्हाई. ते ओळखायला शाळा लागत न्हाई. पण मला बाईंचा शब्द मोठा वाटला, माझ्या पोटचं लेकरू बारकं. पिढ्यान् पिढ्या तेच तर शिकवलं व्हतं आम्हाला.

दुसऱ्या दिवशी सुमन गोठ्यात गेली. तिनं परत नंबराचं नाव काढलं न्हाई. माझ्याशी बोलायचीच बंद झाली म्हणा ना.

जून सरत आला आन् एक दिवस कालव्याच्या रस्त्यावर शाळेतले गुरुजी सायकलीवरनं उतरले. माझ्या माहेरच्या शिरूर तालुक्यातले, आपल्यातलेच. म्हणाले, “जयभीम आक्का. सुमनचा दाखला न्यायला कुणी आलं न्हाई. वर्गात दुसरी आलेली पोरगी, पाचवीला का घातली न्हाई?”

माझ्या डोक्यावर गवताचा भारा व्हता. तो तिथंच टाकला आन् मी खाली बसले. मला आधी बाई आठवल्या न्हाईत. ती फोकाटी आठवली.

नवऱ्याला सांगितलं. तो तंबाखू मळत ऐकत ऱ्हायला. मग म्हणाला, “कळलं. आता गप ऱ्हा. जागा त्यांची हाय. पोरगी गोठ्यातनं काढली तर उद्या चूल कुठं मांडशील? माझ्या डोक्यावर?” त्याचं चूक नव्हतं. म्हणूनच लई राग आला. बांधाच्या चारी बाजूला त्यांचा ऊस, मधी आम्ही. तिथनं बाहेर पडायची वाट बी त्यांच्याच रानातनं.

पण एक गोष्ट मनात पक्की बसली. एकदा बाईंचं ऐकलं. आता गुरुजींचं ऐकायचं? ते भले माणूस, पण तो बी दुसऱ्याचाच डोळा. मला माझ्या डोळ्यानं बघायचं व्हतं.

मी सुमनला म्हणले, “मला वाचायला शिकव.” तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. तिसऱ्या दिवशी आम्ही कालव्यावर बाईंच्या घरच्या गोधड्या-चादरी धूत व्हतो. तिनं बोट पाण्यात बुडवलं आन् धुण्याच्या दगडावर काढलं. म्हणाली, “हा प.”

तशी शिकले मी. ओल्या बोटानं, तापलेल्या दगडावर. अक्षर काढलं की घडीभरात वाळून जायचं, कुणाला पत्ता लागायचा न्हाई. चुकले की सुमन माझं बोट धरून वळवायची, पण तोंडाकडं बघायची न्हाई. दहा वर्षांची पोर आन् जख्ख म्हातारीसारखी गंभीर. एकदा मी हसून म्हणले, “मारकुटी मास्तरीण हाय बाई माझी.” ती म्हणाली, “मी मारलं न्हाई तुला.” मी बोट परत पाण्यात बुडवलं.

चार महिने गेले. दिवाळीच्या तोंडावर बाईंच्या अंगणात सारवण चाललं व्हतं. सुमन शेण कालवत व्हती. बाई म्हणाल्या, “ए नापास, कडंला नीट सारव.” शेंगावाल्या दोघी तिथंच व्हत्या, परत हसल्या.

मी खोपटात गेले. पत्र्याच्या डब्यातनं पुस्तक काढलं, अंगणात येऊन पायरीम्होरं उभी ऱ्हायले. पण पुस्तक उन्हात ठेवलं न्हाई. हातातच धरलं आन् वाचलं. बोट ठेवून, अडखळत, घाम पुसत.

“इयत्ता चौथी. उ-त्ती-र्ण. क्रमांक दुसरा.”

बाईंचं तोंड बारीक झालं. म्हणाल्या, “कुणी शिकवलं गं तुला?”

“जिला तुम्ही नापास केलं तिनं.”

मी सुमनला मनगटाला धरून उठवलं. तिचे हात शेणानं भरलेले. तसंच घेऊन निघाले. मागनं बाईंचा आवाज आला, “मग बिऱ्हाड बी उचला आता!” आन् खरंच, दिवस उगवायला त्यांचा माणूस दारात हजर. भांडी पोत्यात भरताना नवरा एवढंच म्हणाला, “मला बी ते वाचून दाव.” मी वाचून दावलं.

दौंडला रेल्वेच्या रुळापलीकडं झोपडं बांधलं. नवरा मालधक्क्यावर हमाली करायला लागला, मी मिळंल ते. इथं ऊस नव्हता, पण आत-बाहेर धूर आन् कोळशाची भुकटी. सुटका झाली असं मी कधीच म्हणणार न्हाई. सुमनचं वरीस गेलं ते गेलं. पुढच्या जूनला तिला पाचवीला घातलं, आपल्यापेक्षा बारक्या पोरींच्यात.

तिथल्या पहिल्या निकालाच्या दिवशी ती घरी आली. पुस्तक म्होरं केलं आन् एक पाऊल मागं सरली. मी उघडून वाचलं. समद्या विषयांत पास, गणितात लाल शाईनं नापास. खरंच नापास, माझ्या डोळ्यानं वाचलेलं. मी मान वर केली तर पोरीनं कोपर तोंडावर आडवं धरलेलं. डोळे मिटलेले.

ती वाट बघत व्हती. माराची.

मी म्हणले, “हात खाली घे. काय कळलं न्हाई ते सांग.” ती तशीच उभी. मी पुस्तक खाली ठेवलं, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, तिला दिसंल असे. लई येळानं कोपर खाली आलं. मग पाटी आली. भागाकार. मला बी येत नव्हता. दोघी बसलो.

मोठ्या बाईंना मी माफ केलेलं न्हाई आन् करणार न्हाई. त्यांनी लबाडी केली, ती त्यांच्या पदरात. पण फोकाटी माझ्या हातात व्हती. लेकरू वाढवायचं तर आधी आईनं शिकायला पायजे, हे मला कुणी पुढाऱ्यानं सांगितलं न्हाई. त्या कोपरानं सांगितलं. अजून बी मी अंगावरची माशी हाकलायला हात उचलला तरी सुमनचं कोपर वर जातं. ते जायचं बंद हुईस्तवर मी शिकणार. माझ्या लेकराबद्दल कुणी काय लिव्हलंय ते मी वाचणार, कुणी काय बोललं ते लेकराला इचारणार, आन् दोन्हींत फरक पडला तर आधी लेकराच्या बाजूनं उभी ऱ्हाणार. म्होरं मग बागायतदार असू दे न्हाईतर मास्तर.