घरचा गिलास

सन सत्तावन साली मी बावीस वर्षांचा होतो. आम्ही बौद्ध झालो, तरी सिंदी स्टेशनाजवळच्या हॉटेलात आमचा कप वेगळाच, बाहेर वळचणीले खोचलेला. त्याले मी कधी हात लावला नाई. घरून पितळी गिलास न्यायचो, उभ्यानंच चहा प्यायचो.

मग बाजूलेच एका परक्या माणसानं चहाचं दुकान टाकलं. ओल्या हातानं मिशी पुसायची त्याले सवय होती. मी गिलास समोर केला.

"हा घरी ठेवजो भाऊ. इथी माह्या कपात चा भेटते."

"बाहेरच्या कपात ना?" मी भडकलो.

"बाहेर कोनता कप?" त्यानं बालटी दाखवली. साऱ्यांचे कप एकाच पाण्यात बुडून होते.

माझी अकड मोडेना. मी चहा न घेताच निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गिलास घरी ठेवला अन त्याच्या बाकड्यावर जाऊन बसलो.