टिटवीचा नांगर कोण ओढणार?

पुण्यातल्या माणसाने शिडाची बोट का घ्यावी, हे मला विचारू नका. मीच सहा वर्षं विचारते आहे. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांत टोमॅटो लावतात. आमच्या सुधाकररावांनी मुरुडच्या अलीकडे एका खाडीत जुनी बोट घेतली. तिचं नाव टिटवी. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं: झटका नाही, वजन नाही. हाताने नांगर ओढणं म्हणजे दोन्ही. महिना गेला. मग एका सकाळी म्हणाले, "रविवारी एक गिऱ्हाईक बोट बघायला येतंय." आणि पेपर तोंडासमोर धरला. तासभर पान काही उलटलं नाही.

मी भडकले. जीव गुंतलेली वस्तू अशी गपचूप विकतात? त्याच दिवशी मी विंडलास मागवला. विंडलास म्हणजे नांगर ओढणारं विजेचं यंत्र. पायाने बटण दाबायचं, की खाचांचं चाक साखळीची एकेक कडी पकडून वर घेतं. फोनवर दुकानदार म्हणाला, "मॅडम, जरा सरांना देता का?"

"सर झोपलेत. पैसे मॅडम देतायत."

"बरं, साखळीची कडी..."

"आठ मिलिमीटर जाड. बाल्कनीत तुकडा पडलाय, मी स्वतः मोजलाय. आणखी काही?"

आणखी काही विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी सहाला धायरीहून निघालो. जाणार असाल तर ताम्हिणी आठच्या आत ओलांडा. नंतर वळणावळणावर मंडळी स्वतःचे व्हिडिओ काढत रस्त्याच्या मधोमध उभी असतात, आणि हॉर्न दिला तर आपल्याकडेच रागाने बघतात. घाटात यांनी विचारलं, "डिकीत काय आदळतंय?" सांगितलं.

"अगं, पण बोट विकायची आहे."

"विका की. यंत्रासकट विका."

माणगावला गाडी थांबवली. तिथे मिसळ खाल्ली (पाव गरम, रस्सा बेताचा), पुढे तळा गावावरून खाडी गाठली. रस्ता अरुंद पण बरा. खाडीजवळ घरगुती खोली मिळते, दोघांना दीड हजार. सुरमईचं ताट वेगळं आणि दोनदा घ्यावं असं.

शनिवारी सकाळी नारायणभाऊ आले. ते मच्छीमारांच्या होड्या दुरुस्त करणारे सुतार. ड्रिलला हात लावण्याआधी त्यांनी नारळ फोडला आणि पाणी बोटीच्या पुढच्या टोकावर शिंपडलं. "तिला भोक पाडतोय, आधी सांगाया नको?" आमचे हे देवळाच्या पायरीवर बाहेर थांबणारे गृहस्थ. पण त्यांनी डाव्या हाताने ती ओली जागा हळूच पुसली आणि हात तिथेच ठेवला. मी समुद्राकडे बघितलं. काही गोष्टी बघायच्या नसतात.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी: यंत्राखाली आतून जाड प्लायची फळी लावा, बोल्टभोवती पाणी अडवणारं सीलंट भरपूर भरा, नाहीतर पाणी आत येईल. बॅटरीपासूनच्या तारा जाड घ्या, आणि यंत्र चालवताना इंजिन सुरू ठेवा.

तीनला चाचणी. चाक फिरलं, साखळी जागेवर खडखडत राहिली.

"काकू," नारायणभाऊ वाकून म्हणाले, "चाक आखूड कडीचं हाय. तुमची कडी लांब. नाय धरत."

तेव्हा मला दुकानदार आठवला. बिचारा कडीची लांबीच विचारत होता. जाडी मोजून मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

"मला विचारलं असतंस तर?" हे म्हणाले.

"तुम्ही मला विचारलंत, विकताना?"

नारायणभाऊंनी आमच्याकडे दुर्लक्ष केलं. साखळी काढून त्यांनी चाचणीपुरता जाड दोर थेट नांगराला बांधला, नांगर पाण्यात सोडला आणि यंत्राच्या दुसऱ्या बाजूच्या गुळगुळीत रुळावर दोराचे तीन वेढे दिले. "एकानं बटण दाबा, एकानं सुटणारा दोर ताणून धरा. एकट्याचं काम नाय."

सहा वर्षं मी मागे सुकाणूवर आणि हे पुढे. आमचा संवाद म्हणजे आरडाओरडा. आज पहिल्यांदा दोघं पुढे, गुडघ्याला गुडघा लावून.

"दाबू?"

"दाबा."

"सैल सोडू नकोस!"

"ओरडू नका, मी इथेच आहे."

नांगर वर आला, चिखलाने माखलेला. हे त्याच्याकडे बघत राहिले. मग डोलकाठीपाशी जाऊन गिऱ्हाइकाला फोन लावला. "नाही, विकायची नाही. नाही हो, किमतीचं नाही. बायको ऐकत नाही." ढकललं माझ्यावर. चालेल.

रविवारी दुपारी घरी पोचलो. माझे तळवे लाल, कंबर धरलेली. तरी सलग तीन दिवस आम्ही भांडलो नव्हतो. म्हणजे भांडलो, पण एकाच बाजूला बसून. सोमवारी मी दुकानदाराला फोन केला, माफी मागितली आणि आखूड कडीची साखळी विचारली. हे शेजारी घुटमळत होते.

"दोर चालतोय की," ते म्हणाले.

"साखळी असली की तुम्हाला एकट्याला जमेल."

"तेच म्हणतोय. मग तू पुढे कशाला येशील?"

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला असं काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेही दुकानदार फोनवर ताटकळत असताना. साखळी मी मागवली आहे. पुढे मी तरीही बसणार.