वन्संची एक्केचाळीस गावं

कराडपासून जतपर्यंत, कृष्णेच्या ह्या अंगाला आणि त्या अंगाला मिळून जेवढी माणसं राहतात, त्यांच्यात कुठलीही गोष्ट एकेक करून करायचा आमच्या वन्संइतका तिटकारा दुसऱ्या कुणालाही नसेल. एकेक करून काही करायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर पित्त उठतं. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. कराडच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तिथंच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहिल्या. त्यांना तीन भाऊ. एक साताऱ्यात, एक सांगलीत आणि मधला, म्हणजे आमचे हे, उंब्रजला. इतर बहिणी भाऊबीजेला कुणाला सकाळी, कुणाला संध्याकाळी ओवाळतात. वन्सं तिन्ही भावांना एकाच वेळी बोलावतात, एकाच सतरंजीवर वयाच्या क्रमाने बसवतात आणि तबक डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवतात. आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ते म्हणतात, "पलटणीतबी एवढी शिस्त न्हवती." एका वर्षी सांगलीचे भावोजी तासभर उशिरा आले. तेवढा वेळ उरलेले दोघे मांडी घालून, टोप्या घालून बसून होते. मी म्हटलं, "वन्सं, ह्यांचं तरी उरकून घ्या." तर म्हणाल्या, "एक फाईल यायची राहिली असताना बाकीच्या वाचून काय करू?" आपण सगळे वन्संच्या लेखी फायली आहोत हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

लग्न त्यांनी केलं नाही. सासूबाई सांगायच्या, तीन स्थळं चालून आली होती, तिन्ही बरी होती. पण वन्सं म्हणाल्या, "आई, तिनांवरून निष्कर्ष काढत नसतात." चौथं काही आलं नाही.

नावाच्या बाबतीत त्या फार कडक. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर आधी जिन्नस, मग प्रकार, मग वर्ष, असं ओळीत लिहिलेलं असतं. मधे एकही मोकळी जागा सोडलेली नसते, सगळीकडे आडवी रेघ. मी एकदा प्रेमानं कारळ्याची चटणी नेली आणि त्यांनी ओरडू नये म्हणून बरणीवर आठवणीनं कागद चिकटवला: "नवीन चटणी." त्यांनी चष्मा वर केला. "नवीन कधीपासून? आणि पुढच्या वर्षी दुसरी केलीस की हिला काय म्हणायचं, जुनी नवीन?" मी बरणी फळीवर ठेवून दिली. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आमच्या मुलीच्या लग्नात कळलं. ह्यांनी पत्रिका कॉम्प्युटरवर केली होती आणि तिच्या "अंतिम", "अंतिम खरी" आणि "अंतिम खरी आता शेवटची" अशा तीन फायली झाल्या होत्या. छापखान्यात नेमकी पहिली गेली. तिच्यात ह्यांच्या चुलत चुलत्यांचं नाव नव्हतं. चुलते मांडवात आले, जेवले, पण अक्षता काही टाकल्या नाहीत. वन्सं तेव्हा मला एवढंच म्हणाल्या, "बघ."

त्यांचं खरं प्रेम मात्र एका संगणकाच्या भाषेवर आहे. तिचं नाव आर. आकडेमोड करणारी माणसं ती वापरतात. ह्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "आर म्हंजी? पराणीची? बैलाला टोचायची?" वन्सं म्हणाल्या, "तीच समज. टोचल्याशिवाय आकडेसुद्धा चालत नाहीत." ह्या आरमध्ये एका ओळीत शंभर फायली एकदम उघडून वाचता येतात, हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख. मला त्यांनी ते पोळ्या लाटता लाटता समजावून सांगितलं होतं. "आधी फोल्डरमध्ये कोण कोण आहे त्यांची हजेरी घ्यायची. मग सगळ्यांना म्हणायचं, आत या. मग एकाखाली एक उभं करायचं आणि प्रत्येकाच्या कपाळावर त्याच्या गावाचं नाव लिहायचं. झालं! एक ओळ." मी विचारलं, "आणि एखादा आत आलाच नाही तर?" वन्सं म्हणाल्या, "येतो. न येऊन सांगतो कुणाला?"

तर ह्या वन्संना निवृत्तीनंतर एक काम मिळालं. जत तालुक्यातल्या एक्केचाळीस गावांनी एकत्र येऊन ठरवलं होतं की प्रत्येक गावानं आपल्या एका विहिरीचं पाणी दर सोमवारी मोजायचं. काठावरून दोरी सोडायची, ओली झाली की थांबायचं आणि पाणी किती फुटांवर आहे ते लिहायचं. आकडा जेवढा मोठा तेवढं पाणी खोल. उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्यांचे आकडे एकत्र करून, ज्यांचं पाणी सगळ्यात खोल त्यांचा टँकरचा अर्ज सगळ्यात आधी द्यायचा, भांडायचं नाही. आकडे एकत्र करायला माणूस हवा होता. वन्संनी फुकट करते म्हणून सांगितलं आणि लगेच एक्केचाळीस गावांना एक सूचना पाठवली. ती मला पाठ आहे, कारण ती माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतली होती. "पाण्याच्या रकान्यात फक्त आकडा लिहावा. शब्द लिहू नये. रकाना रिकामा सोडू नये."

उन्हाळा सुरू झाला आणि गावोगावहून फोनवर फायली येऊ लागल्या. त्या फोनवरून एकेक करून उतरवून घ्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी दोन दिवस उंब्रजहून कराडला जाऊन एक्केचाळीस फायली उतरवल्या, प्रत्येकीला वन्संच्या नियमाप्रमाणे नाव दिलं. मग वन्संनी चहा घेतला, बोटं मोडली, एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"सत्तावीस नंबरची आत यायला तयार नाही. बाकी सगळ्यांच्या रकान्यात आकडे आहेत, हिच्यात अक्षरं आहेत. आकड्यांखाली अक्षरं उभी राहत नाहीत."

बैठक तीन दिवसांवर होती. मी म्हटलं, "एक सोडून द्या की. चाळीस तर आहेत." वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भाऊबीजेच्या सतरंजीवरून मी एक दीर उचलून बाहेर ठेवला असावा. त्यांनी ती फाईल उघडली. आधीचे आकडे व्यवस्थित होते, पस्तीस, अडतीस, एक्केचाळीस. आणि मग खाली सलग अकरा आठवडे एकच शब्द होता. कोरडी. कोरडी. कोरडी.

"आकडे मागितले होते, निबंध नव्हता," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला. ह्या गावचं पाणी मोजायची एक मेंढरंवाली बाई. पन्नाशीची असेल. शाळा चौथीपर्यंत, पण फोनवर टाइप करायला स्वतःच शिकलेली. वन्संनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणजे मलाही शिस्तीचा धडा मिळावा.

"ताई, पाण्याच्या रकान्यात आकडा लिहायचा असतो."

"व्हय अक्का. लिवलाय की."

"शेवटचे अकरा आठवडे नाही लिहिलेला."

"तवा पाणीच न्हवतं. पाणी न्हाई तर आकडा कशाचा लिवू?"

"शून्य लिहायचं."

पलीकडे मेंढरं ओरडत होती. मग ती बाई अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तशी म्हणाली, "आवं अक्का, काठावरनं दोरी जेवढी आत गेली तेवढा आकडा, न्हवं? मग शून्य म्हंजी पाणी काठाला आलं. आमची हीर काठापातूर भरली असं लिवू? देव काय म्हनंल?"

वन्संनी फोन खाली ठेवला. मला आधी हसू आलं. मग त्यांचा चेहरा बघून ते जिरलं. त्या कॉम्प्युटरकडे वळल्या आणि उरलेल्या चाळीस फायलींत शून्य कुठं कुठं आहे ते शोधायला लागल्या. नऊ गावांत निघालं. सूचनेत शब्द लिहू नये म्हटलं होतं, रकाना रिकामा सोडू नये म्हटलं होतं. त्या नऊ गावांनी इमानदारीनं सूचना पाळली होती. विहीर आटली की शून्य लिहीत गेली होती. आणि चाळिसांची कच्ची यादी लावून पाहिली तर ती नऊही गावं सगळ्यात खाली आली. कागदावर त्यांच्या विहिरी काठोकाठ भरलेल्या होत्या. टँकर त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी गेला असता.

"ती एकटी बाई अडून बसली म्हणून कळलं," वन्सं म्हणाल्या. "बाकीच्या गुपचूप आत आल्या. मी त्यांना शहाण्या म्हणत होते."

मग मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. वन्संनी वही घेतली आणि नऊ गावांना एकेक करून फोन लावला. प्रत्येक शून्याची चौकशी केली. कुठल्या सोमवारी आटली, तळ किती फुटांवर आहे, लोक पाणी कुठून आणतात. एका गावच्या आजोबांना कमी ऐकू येत होतं. त्यांच्याशी बोलायला पाऊण तास लागला, आणि त्यातला अर्धा तास त्यांनी आपल्या जावयाबद्दल सांगितलं. वन्सं "हो का, हो का" करत राहिल्या. मधेच मी पोळी-भाजीचं ताट आणलं. त्या डाव्या हातात फोन धरून जेवल्या आणि आपण काय खाल्लं हे त्यांना नंतर सांगता आलं नसतं.

बैठकीला त्या स्वतः जतला गेल्या, मला सोबत घेऊन. एका शाळेच्या वर्गात सगळी गावं जमली होती. वन्संनी नवी यादी वाचली. आटलेली दहा गावं आता वर आली होती, आणि साहजिकच जी खाली घसरली त्यांच्यातून आवाज उठला. मिशीवाले एक पुढारी उभे राहिले. "म्याडम, समद्या गावांचे आकडे आमीबी लावून बगितलं हुतं, आमी तिसऱ्या नंबरला हुतो. आता तेराव्याला कसं? ह्यात काय राजकारण हाय का?"

वन्संना त्यांचा विद्यार्थीसुद्धा कधी असं बोलला नसेल. मला वाटलं, आता ह्या त्यांना संख्याशास्त्र शिकवणार. पण त्या उठून उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "राजकारण नाही. चूक आहे. आणि ती माझी आहे. मी सूचना चुकीची लिहिली. ज्यांची विहीर आटली त्यांना खरं लिहायला मी जागाच ठेवली नव्हती." मागून ती मेंढरंवाली बाई उठली. वन्संनी तिला तिथं पहिल्यांदा पाहिलं. ती पुढाऱ्यांना म्हणाली, "दादा, तुमच्या हिरीत पाणी हाय का न्हाई तेवढं सांगा. हाय न्हवं? मग बसा की." दादा बसले. यादी मंजूर झाली.

परतीच्या एसटीत मिरज मागे पडली. वन्सं खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "मी वर्गात मुलांना सांगायचे, आकड्यांत शब्द सापडला की काढून टाका आणि पुढं चला. किती जणांना सांगितलं असेल गं." मी त्यांना शेंगा दिल्या. त्यांनी त्या सोलून हातात धरून ठेवल्या.

ती बाई मात्र तेव्हापासून दर सोमवारी आकडा पाठवायच्या ऐवजी फोनच करायची. फाईलमध्ये लिहायचंही लिहायची, पण आधी वन्संना तोंडानं सांगायची. सुरुवातीला बोलणं दोन मिनिटांचं असायचं. पुढं पुढं मी सोमवारी कराडला गेले की बघायची, वन्सं अकराच्या सुमारास स्वयंपाकघर आवरून, फोन समोर ठेवून बसलेल्या असायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "डेटा यायचाय."

गेल्या महिन्यात मी तिथंच होते. फोन आला, वन्संनी तो मोठ्या आवाजावर ठेवला. बाई फार आनंदात होती. "अक्का, आमच्या हिरीवर यंत्र बसवलं बगा! सगळ्याच गावांत बसनार हायत. आकडा आपल्या आपून तुमच्या कॉम्प्युटरात जातोय म्हनं. आता दोरी नगं, फायल नगं, कायबी नगं. तुमच्या डोस्क्याचा तरास गेला."

एक्केचाळीस गावांचे आकडे, एकसारखे, न मागता, न चुकता. वन्सं जन्मभर ह्याचीच वाट बघत होत्या. मला वाटलं, आता त्या उभ्या राहून टाळ्या वाजवतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं हो. पण तुम्ही फोन करत जा."

"आता आकडा न्हाई अक्का. मग बोलायचं काय?"

"काहीही बोला," वन्सं म्हणाल्या. "मेंढरांचं सांगा."

मग पलीकडून मेंढरांचं सुरू झालं. कुठली व्याली, कुठली लंगडते, कुठल्या कोकराला आई जवळ घेत नाही म्हणून बाटलीनं दूध पाजावं लागतं. वन्सं खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या, मधेच विचारत होत्या, "आणि ते कोकरू? आता पितं का नीट?" मी चहा गाळून त्यांच्याजवळ ठेवला. तो तसाच निवून गेला, आणि दुसरा करू का असं विचारायचा मला काही धीर झाला नाही.