ताईंचा नोटीसचा महिना

आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय तेव्हा बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर, एका औषध दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, तीन टेबलं, एक संगणक आणि इन्व्हर्टर. अंकाच्या मथळ्याखाली तेव्हा उस्मानाबाद छापलं जायचं. आता धाराशिव छापतात. पण आता पानं तिथं लागतच नाहीत, दुसऱ्या शहरातून तयार होऊन येतात. त्या दोन खोल्यांमध्ये सध्या एक शिकवणी चालते. मागच्या वर्षी मी जिना चढून पाहून आलो. भिंतीला डिंकाने चिकटवलेल्या जुन्या अंकांचे चौकोनी डाग अजून दिसत होते.

जिल्हा कार्यालयाचा प्रमुख मी होतो. माझ्याशिवाय तिथं रोज दोन माणसं असायची. एक बेंबळीहून येणारे शिपाई. त्यांना सगळे मामा म्हणायचे. दुसऱ्या पानं लावणाऱ्या ऑपरेटर ताई. बाकीचे वार्ताहर तालुक्यांत, फोनवर.

ताई तुळजापूरच्या. वडील शाळेत लिपिक होते आणि तेव्हा निवृत्त झालेले होते. ताई रोज एसटीने यायच्या, साडेअकराच्या आत टेबलावर. टंकलेखन त्या तुळजापुरातच शिकल्या होत्या, आधी यंत्रावर, मग संगणकावर. कळफलकावरची निम्मी अक्षरं झिजून गेली होती, पण त्यांचं खाली लक्ष नसायचं. संध्याकाळी मुरुमचा, वाशीचा वार्ताहर फोनवर बातमी सांगू लागला की त्या फोन कानाला आणि खांद्याला अडकवून थेट पानातच टाइप करायच्या. वार्ताहर बोलेल तसं नाही, छापलं जाईल तसं. ‘लई पब्लिक जमलं हुतं’ असं कानात यायचं आणि पडद्यावर ‘मोठी गर्दी झाली होती’ उमटायचं. साडेआठला पान छपाईला सुटायचं. सहा वर्षांत ते पावणेनऊच्या पुढे गेल्याचं मला आठवत नाही.

त्या खोलीतली सात ते साडेआठ ही वेळ मला आजही मिनिटाच्या हिशेबाने आठवते. कळांचा एकसारखा आवाज, खालून औषधांच्या खोक्यांचा वास, मामांनी आणलेला अर्धा कप चहा. तेव्हा ही धावपळ वाटायची. आता ती आयुष्यातली सगळ्यात नीट लागलेली वेळ वाटते.

आमच्या कार्यालयाची एक रीत होती. कागद असल्याशिवाय ओळ जात नसे. कोणी कितीही खात्रीने सांगो, मी विचारायचो, कागद कुठंय? आदेशाची प्रत, ठरावाची नक्कल, पंचनामा, काहीतरी. मुरुमचे वार्ताहर यावर चिडायचे. “तुमी लई थांबवता राव. ताईंना द्या फोन. त्या तरी म्हणत न्हाईत, आधी कागद दाव.”

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी ताई आल्या आणि बॅग ठेवण्याआधी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. राजीनामा. सहा ओळींचा. त्यांच्याकडे डी.एड.ची पदविका होती हे मला माहीत होतं. भरती होईल म्हणून त्या कितीतरी वर्षं वाट पाहत होत्या हेही माहीत होतं. मुरुमजवळच्या एका खासगी संस्थेच्या प्राथमिक शाळेत त्यांची निवड झाली होती.

“अभिनंदन,” मी म्हटलं.

“थँक्यू सर. आणि ही दुसरी प्रत. यावर पोच द्या.”

“पोच? माझ्याकडून?”

“दादांनी सांगितलंय. अर्ज कुणालाही दे, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.” दादा म्हणजे त्यांचे वडील.

मी सही केली, खाली तारीख आणि वेळ टाकली. नेमणूकपत्रात एका महिन्याची नोटीस होती. त्यांनी दिवस आधीच मोजून आणले होते. त्या शुक्रवारपासून तीस दिवस, म्हणजे शेवटचा दिवस जूनमधला शनिवार. सोमवारी शाळा उघडणार होती. शाळेच्या आदेशात दोन अटी होत्या. उमेदवाराने शाळा उघडण्याच्या दिवशीच हजर व्हावं, नाहीतर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाचा विचार होईल. आणि सध्याच्या नोकरीतून कार्यमुक्त झाल्याचं पत्र सोबत आणावं. मध्ये फक्त रविवार होता.

मी वरच्या कार्यालयाला कळवलं, नवा ऑपरेटर मागितला. ‘बघतो’ असं उत्तर आलं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. कोणी आलं नाही. हे इथं नोंदवतो, कारण पुढे मी जे केलं त्याचं खरं कारण हे होतं. तेव्हा मी ते तसं म्हटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी रजेचा अर्ज दिला. मंगळवार आणि बुधवार. एक दिवस उमरग्याला संस्थेच्या कार्यालयात कागदपत्रांची तपासणी, दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातून शारीरिक पात्रतेचा दाखला. त्यांची त्या वर्षाची रजा जवळजवळ तशीच पडून होती.

“नोटीसच्या काळात रजा मिळत नसते, ताई,” मी म्हटलं.

“मग मी तपासणीला कशी जाऊ?”

“जा की. पण ते दोन दिवस नोटीसमध्ये धरता येणार नाहीत. पुढे भरून द्यावे लागतील. रविवार आणि सोमवार.”

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, “सोमवारी मी इथं असले तर तिथं नसेन.”

“मी शाळेला फोन करून सांगतो.”

“सर, यादीत माझ्यामागं कोण आहे ते मला माहितीये. ती बाई सोमवारी फाटकातच उभी असणार.”

मामा दारात चहा घेऊन उभे होते. त्यांनी कप ठेवला. “सायेब, बैल इकला तरी दावं सोडंना असं झालंय तुमचं.”

“मामा, मला बैल केलंत होय?” ताई म्हणाल्या.

“तसं न्हाई, ताई. दाव्याबद्दल बोलतोय म्या.”

ताई हसल्या. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता त्यांनी विचारलं, “सर, हे कुठं लिहिलंय?”

प्रश्न माझाच होता, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे आहे याची मला पूर्ण खात्री होती. कपाटात कात्रणांच्या फायली विषयवार लावलेल्या होत्या. आमच्या अंकात दर सोमवारी नोकरीच्या नियमांबद्दल एका वकिलांचं छोटं सदर यायचं. त्याची फाईल मी काढली. दहा मिनिटांत कात्रण सापडलं. तीन वर्षांपूर्वीचं होतं. चौकटीत स्पष्ट छापलं होतं: ‘राजीनामा दिल्यानंतर नोटीसच्या कालावधीत कर्मचाऱ्याला रजा घेता येत नाही. घेतल्यास तितके दिवस नोटीस वाढते.’

मी ते त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी वाचलं. कात्रण उलटं करून मागची तारीखही पाहिली. मग म्हणाल्या, “सर, हे मीच टाइप केलंय.”

“असेल.”

“असेल नाही, केलंय. त्या दिवशी वकीलसाहेबांचा मजकूर आला नव्हता. पानात तीन इंच जागा रिकामी होती. तुम्ही तिकडं खिडकीपाशी उभं राहून तोंडी सांगितलंत. मी विचारलं होतं, कागद? तुम्ही म्हणालात, हे सगळ्यांना माहितीये, टाका.”

मामांनी कपाळाला हात लावला. “म्हंजे सायेब, तुमीच बोल्ला, तुमीच छापलं आन आता तुमीच पुरावा म्हून दावताय?”

मला ती संध्याकाळ आठवली. खिडकी आठवली, तीन इंचही आठवले. ते वाक्य कुठून आलं होतं तेही आठवलं. माझी पहिली नोकरी सोडताना माझ्या वरिष्ठांनी मला तसंच सांगितलं होतं. मी तापात असतानाही तो महिना भरून दिला होता. त्यांनाही बहुधा कोणीतरी असंच सांगितलं असणार. मी ते कधी तपासलं नव्हतं. छापून आल्यावर तर तपासायचं कारणच उरलं नाही.

मी वरच्या कार्यालयात कर्मचारी विभागाला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्यांचा आवाज नेहमी जेवणातून उठून आल्यासारखा असायचा.

“नेमणूकपत्र समोर आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“नोटीसचं कलम वाचा.”

मी वाचलं. दोन्ही बाजूंनी एक महिना.

“रजा घेतली तर नोटीस वाढेल, असं त्यात आहे?”

“नाही.”

“काही कंपन्या लिहितात. आपण लिहिलेलं नाही. नाही म्हणजे नाही. शेवटच्या दिवसापर्यंत ती आपली कर्मचारी आहे ना? मग इतरांना जी रजा, जी साप्ताहिक सुट्टी, तीच तिला. तुम्हाला माणूस मिळाला नाही ही तुमची आणि माझी अडचण. ती तिच्या महिन्यात घालू नका.”

फोनचा आवाज मोठा होता. खोलीतल्या दोघांनी सगळं ऐकलं. मी अर्जावर ‘मंजूर’ लिहिलं आणि सही केली. ताईंनी अर्ज उचलला नाही.

“पोच?” मी विचारलं.

“नको सर,” त्या म्हणाल्या. “आज नको.”

मंगळवारी आणि बुधवारी पान मी लावलं. मामांनी दोन बोटांनी शीर्षकं टाइप करून मदत केली. दोन्ही दिवस उशीर झाला. मुरुमच्या वार्ताहरांनी दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, “काल बातमीत आमच्या सरपंचाला उपसरपंच केलं कुणी? मानूस सकाळपासनं दारात बसलाय.”

पुढच्या सोमवारच्या सदरासाठी मी चार ओळी लिहिल्या. तीन वर्षांपूर्वी या सदरात नोटीसच्या काळातील रजेबद्दल सरसकट विधान छापलं गेलं होतं, ते बरोबर नव्हतं. वाचकांनी आपलं नेमणूकपत्र आणि सेवानियम पाहावेत. नियमात तसं लिहिलेलं नसेल, तर कोणाच्या तोंडी सांगण्यावरून आपली रजा सोडू नये. ताईंनी ते टाइप केलं.

“तीन वर्षांनी दुरुस्ती, सर? कुणाला आठवतंय?”

“वाचून कोणी रजा सोडली असेल, त्याला आठवत असेल.”

त्यांनी मजकूर चौकटीत बसवला. तीन इंच लागले नाहीत, दोनच लागले. उरलेल्या जागेत त्यांनी एक छोटी जाहिरात टाकली.

शेवटच्या शनिवारी कार्यमुक्तीचं पत्र तयार करायचं होतं. कार्यालयात टाइप करणारं माणूस एकच, आणि पत्र त्यांचंच. त्यांनी कळफलक पुढे ओढला होता. मी नको म्हटलं. छापील पत्रशीर्षावर मी शाईच्या पेनाने लिहिलं. किती वर्षं काम केलं, कोणतं काम केलं, आज कामाची वेळ संपल्यावर त्यांना कार्यमुक्त करण्यात येत आहे. ‘काम समाधानकारक’ असा शेरा अशा पत्रांत असतो. तो लिहून मी खोडला, दुसरा कागद घेतला आणि ‘काम अचूक आणि वेळेवर’ असं लिहिलं. शिक्का मामांनी मारला. दोनदा फुंकर घालून वाळवला.

ताईंनी उभ्यानेच पत्र वाचलं. तारीख पुन्हा पाहिली. घडी न करता ते प्लास्टिकच्या पिशवीत, दाखल्यांच्या वर ठेवलं.

सहा वाजले होते. तुळजापूरची गाडी सव्वासहाला होती, आणि सोमवारसाठी त्यांना मुरुमला खोली लावायची होती. “तुम्ही निघा, ताई. पान मी बघतो,” मी म्हटलं.

“तुमचं पान बघितलंय सर मी,” त्या म्हणाल्या. “आणि पत्रात काय लिहिलंय? वेळ संपल्यावर.”

त्या बसल्या. सात वाजता वाशीचा फोन आला, सव्वासातला मुरुमचा. मुरुमकरांना बातमी लागली होतीच. “आता आमच्याच गावाला येताय म्हनं ताई. म्हंजे बातमी घरातच सांगायची, फोनचा खर्च वाचला.” ताई हसत टाइप करत राहिल्या. साडेआठला पान सुटलं. त्यांनी संगणक बंद केला, खुर्ची टेबलात सरकवली आणि पिशवी उचलली. जिन्यापर्यंत मामा गेले. मी टेबलापाशीच उभा राहिलो.

सोमवारी सकाळी मी मुरुमला फोन लावायचा नाही असं ठरवलं होतं. अकराच्या सुमाराला तिकडूनच वार्ताहरांचा आला.

“हजर झाल्या. दहाला पाच कमी असताना सही केली. म्या व्हतोच तिथं, शाळंच्या ओट्यावर.”

“आणि ती दुसरी बाई?”

“आल्ती की. मुख्याध्यापकानं पत्र दोनदा वाचलं, कपाटात ठिवलं, मग त्या बाईला पानी दिलं. ती पानी पिऊन गेली.” मग ते म्हणाले, “आता बातमी कुनाला सांगू?”

“मला सांगा,” मी म्हटलं, आणि कळफलक पुढे ओढून पहिलं अक्षर शोधू लागलो.