मेव्हिसची सही

आमच्या शेजारच्या मेव्हिस अ‍ॅक्रॉइडला सही करायची भारी हौस. जॅमच्या बरणीवर, चर्चच्या चहापानाला पाठवलेल्या अ‍ॅपल पायच्या भांड्याच्या झाकणावरसुद्धा तिचं अख्खं नाव असायचं. म्हणायची, "चांगलं काही केलं तर नाव कशाला लपवायचं?" तिची थट्टा करण्यात माझा जन्म गेला.

नेव्हिल सटक्लिफ आमच्या वॉर्डाचा जुना नगरसेवक. म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवणघर बंद करायला सिटी कौन्सिल निघाली, तेव्हा हा एकटा आडवा आला. मेव्हिस तिथेच वाढायला असते. या खेपेच्या निवडणुकीत नेव्हिल पडला तर जेवणघरही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मतदानाच्या दिवशी मेव्हिसने आपल्या खटारा गाडीतून गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांची दिवसभर ने-आण केली. स्वतःचंही मत दिलं आणि खुशीत घरी आली.

दुसऱ्या दिवशी क्रीडागृहात मोजणी होती. आम्ही दोघी नेव्हिलच्या माणसांत, वरच्या बाकांवर. खाली अधिकाऱ्याने शंकेच्या मतपत्रिका उमेदवारांना दाखवल्या. नेव्हिलने चष्मा लावला, एका कागदाकडे बराच वेळ पाहिलं आणि चष्मा काढून खिशात घातला.

पुढे आक्रीतच झालं. नेव्हिलला आणि त्याच्या विरोधकाला सारखी मतं पडली. पुन्हा मोजली, तरी तेच. मग रिवाजाप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या आणि विरोधकाचं नाव निघालं. अधिकाऱ्याने निकाल वाचला. त्यात बाद मतांचाही हिशेब होता: "मतदाराची ओळख पटत असल्यामुळे, एक."

मेव्हिसने माझा दंड धरला.

"अगं, मी मतपत्रिकेवर फुलीखाली लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतंस?"

"शाब्बास नेव्हिल. आणि खाली माझं नाव."

थट्टा करायची माझी सवय, पण त्या वेळी मी नुसता हिशेब केला. ते एक मत धरलं असतं तर चिठ्ठ्यांची वेळच आली नसती.

त्यानंतर मेव्हिस जेवणघराकडे फिरकेना. म्हाताऱ्यांना तोंड कसं दाखवू, म्हणायची. शेवटी अपराधाचं ओझं सहन होईना, तेव्हा अ‍ॅपल पाय घेऊन नेव्हिलकडे गेली. परत आली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात, आणि खुर्चीत बसून रडायला लागली.

"त्याला म्हटलं, नाव लिहिलेलं ते मत माझं होतं."

"मग? चिडला?"

"नाही गं. म्हणाला, कुठलं मत? मी त्या दिवशी चष्मा घरीच विसरलो होतो, मला काय दिसणार? आणि चहा टाकायला उठला."

त्याला चष्मा लावताना आम्ही दोघींनी वरून पाहिलं होतं.

"चार शिव्या घातल्या असत्या तर घरी येऊन झोपले तरी असते," मेव्हिस म्हणाली.

अ‍ॅपल पायचं रिकामं भांडं नेव्हिलने दोन दिवसांनी मेव्हिसला द्यायला माझ्याकडे आणून दिलं. झाकणावर या वेळी मेव्हिसने नाव घातलं नव्हतं.