काचेची पेटी आणि माझी छाती

मे महिन्यात जळगावात थंडी वाजणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि ती माझी मुलगी. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, रिक्षावाले सीटवर ओलं फडकं टाकून झाडाखाली बसले होते, आणि वरच्या मजल्यावर हिचे पाय माठाच्या बुडासारखे गार. जन्मून एक दिवसही झाला नव्हता. वजन दीड किलोच्या आतलं.

नव्वदीचा मध्य असेल. आम्ही दीपनगरच्या कॉलनीत राहायचो. मी वीज केंद्रात नोकरीला होतो म्हटलं की लोकांना वाटायचं, मीच बटण दाबतो. प्रत्यक्षात वीज तयार करणाऱ्यांच्या रजा मोजणं एवढंच माझं काम. आठवा महिना नुकताच लागला होता. बायकोच्या पायांवर सूज चढली, डोकं दुखायला लागलं, आणि एका सकाळी चहा गाळता गाळता तिला झटके आले. कॉलनीच्या जीपमधून आम्ही जळगावच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात पोचलो. लगेच सीझर. त्यानंतर खालच्या मजल्यावर बायको, तिला शुद्ध नाही; वरच्या मजल्यावर मुलगी, तिला ऊब नाही; आणि मधल्या जिन्यात मी.

घरातल्या लग्नाकार्यांत ही गोष्ट मला हमखास सांगायला लावतात, आणि मी त्यातला हसायचा भाग सांगतो. तो भाग खोटा नाही. पण त्या दिवसांत मी हसलो नव्हतो, रडलोही नव्हतो. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, हात लावला तर दुसऱ्याच कोणाचा लागतो. तसं सगळं अंग झालं होतं. कोणी चहा दिला की पीत होतो. कोणी बस म्हटलं की बसत होतो.

वॉर्डात काचेच्या पेट्या दोन होत्या. त्यातली एक दुरुस्तीला मुंबईला गेली होती आणि मुंबईतच रमली होती. उरलेल्या पेटीत आधीच एक बाळ होतं, अमळनेरकडच्या एका तरुण बाईचा मुलगा. माझ्या मुलीपेक्षाही लहान.

माझे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, धुळ्याहून मिळेल त्या एस.टी.ने आले. धुळ्यात त्यांचं कापडाचं दुकान. जगात कुठलंही काम ओळखीशिवाय होत नाही आणि ओळखीने अडत नाही, हा त्यांचा धर्म. आल्या आल्या त्यांनी बालरोगतज्ज्ञांना गाठलं. हे डॉक्टर वयाने लहान, मोठ्या शहरात शिकून नुकतेच गावी परतलेले, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे.

"डॉक्टरसाहेब, कोणाचा फोन पाहिजे तेवढं सांगा. आमदारांचा आणू?"

"आणा. त्यांनाही हेच सांगेन. पेटीतलं बाळ लहान आहे आणि त्याला श्वासाचा त्रास आहे. गरज त्याला जास्त. कोणाला आधी पेटी द्यायची याचा नियम मी दोन्ही बाळं येण्याच्या आधीच ठरवून ठेवलेला आहे."

"मग आमची पोरगी काय फडक्यात ठेवायची?"

"अंगाशी ठेवायची. उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून. वरून पांघरूण. जमेल तितका वेळ."

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्याला मशीन द्यायचं नाही म्हणून हा गोड बोलून वाटेला लावतोय, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

डॉक्टरांना तो कळला असावा. त्यांनी बाकावर बसून समजावलं. दूरच्या देशात एका दवाखान्यात पेट्या कमी पडल्या म्हणून हे सुरू झालं. पुढे इतरांनी ते तपासलं. नुसतं 'आमचा अनुभव आहे' असं म्हणून नाही. काही बाळं पेटीत, काही आईच्या अंगावर, आणि कोण कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे डॉक्टरच्या मनाचा कल त्यात येत नाही. मग शेवटी मोजायचं.

"चिठ्ठ्या टाकून?" मेहुणे उठून उभेच राहिले. "दवाखाना आहे का भिशी?"

"मी चिठ्ठ्या टाकत नाही. मी फक्त मोजतो. पण ज्यांनी टाकल्या त्यांच्यामुळे मला तुमच्याशी आज एवढ्या खात्रीने बोलता येतंय."

"अहो, पण तिची आई तर खाली बेशुद्ध आहे."

"वडील आहेत ना."

सगळ्यांनी माझ्या छातीकडे पाहिलं. मी स्वतःही पाहिलं. आयुष्यात तिच्याकडून कोणी काही अपेक्षा केली नव्हती. पोट तिच्यापुढे चार बोटं गेलेलं.

"वडिलांनी केलं तर चालतं, असं निघालंय का?" मी विचारलं. मला वाटतं, त्या दिवसातला माझा तो एकुलता एक शहाणपणाचा प्रश्न.

डॉक्टर म्हणाले, "वडिलांवर फारसं कोणी पाहिलेलं नाही. तुमच्यापुरता हा माझा अंदाज आहे. अंदाज आहे हेही सांगून ठेवतो."

मेहुण्यांचं तोंड आणखी कडू झालं. त्यांना छातीठोक बोलणारा डॉक्टर हवा होता. मला हाच बरा वाटला. का ते माहीत नाही.

खरी अडचण माझ्या आईची होती. आमच्या घरात बाराव्यापर्यंत सोयर कडक. तोवर बापाने पोराला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांनी मला लावला नाही, आजोबांनी वडिलांना लावला नाही, आणि म्हणूनच आम्ही सगळे जगलो, हा आईचा पुरावा. तिच्यासमोर कोणी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. ती बाकावर पदर घट्ट लपेटून बसून राहिली. डॉक्टर बोलले, सिस्टर बोलल्या, मेहुणे तर दोन्ही बाजूंनी बोलले. शेवटी तिने तोंड उघडलं.

"हात लावाना नही अशी रीत शे," ती म्हणाली. "छातीनं कोनी काही सांगेल नही."

बंदी हाताला, छातीला नाही, एवढा निवाडा देऊन तिने विषय संपवला. आमच्या घराण्यात एवढा मोठा कायदेपंडित होता हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग सिस्टरांनी माझं शर्ट-बनियन उतरवलं, छाती पुसली, आणि खुर्चीत रेलून बसवून ते बोटभर लेकरू बेडकासारखं पाय दुमडून माझ्यावर पालथं ठेवलं. आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा करून गच्च बांधलं. माझे दोन्ही हात खुर्चीच्या बाहेर लोंबत. आई समोर स्टुलावर बसून त्या हातांवर नजर ठेवून. बायकांच्या वॉर्डात उघड्या अंगाने, हात लटकवून बसलेला मी, एखाद्याला पकडून आणून बसवावं तसा दिसत असणार. बायका पदर तोंडाला लावून जायच्या. एक म्हातारी थांबून आईला म्हणाली, "अक्का, तुना पोर्‍याले दूध बी सुटी का मंग?" आई तिच्याकडे बघूनसुद्धा हसली नाही.

दुपारी वीज जायची. पंखे थांबले की वॉर्डभर हुंकार उठायचा आणि पेटीजवळ पळापळ व्हायची. जनरेटर चालू होईपर्यंत मेहुणे माझ्याकडे बघत. "दाजी, तुमच्या घरची वीज आहे ना हो? मग निरोप द्या की कोणाला." माझ्यावरच्या लेकराला मात्र वीज गेल्याचं कळत नव्हतं. घाम माझा निथळत होता, ऊब तिला मिळत होती. पाय गार राहिले नव्हते. सिस्टरांनी तसं सांगितलं, मी "हो" म्हटलं. आनंद व्हायला हवा हे कळत होतं. तो कुठे ठेवलाय हे आठवत नव्हतं.

दुधाचा प्रश्न त्या अमळनेरकडच्या बाईने सोडवला. तिला दूध भरपूर, पण तिच्या मुलाला थेंबभरच चालायचं. डॉक्टरांनी तिला नीट विचारलं, तिचं रक्त तपासून घेतलं, मग सिस्टर वाटीत दूध आणून पळीने माझ्या मुलीला पाजायच्या. आईने आधी त्या बाईला गाव विचारलं, मग माहेर, मग मावशीचं गाव. शेवटी तिची चुलतसासू आमच्या गावाशेजारच्या गावातली निघाली, तेव्हा आईने मान हलवली. खानदेशात नातं सापडेपर्यंतच दूध परकं असतं.

एका दुपारी ते घडलं. पेटीतल्या मुलाची तब्येत सकाळपासून उतरत चालली होती. डॉक्टर आणि दोन्ही सिस्टर तिकडेच. मी खुर्चीत, आई स्टुलावर. सिस्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की इतकी लहान बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. छातीवर लक्ष ठेवा, थांबला तर तळव्याला टिचकी मारा, नाहीतर पाठ चोळा. माझं लक्ष होतं. तिचा श्वास माझ्या कातडीवर एखादी माशी बसावी तसा जाणवायचा. तो जाणवायचा थांबला. मी वाट पाहिली. पुन्हा आला नाही.

"सिस्टर," मी म्हटलं. पण माझा आवाज काही फार दूर गेला नाही.

मग मी हात उचलला. लुगड्याच्या खालून तिचा पाय शोधला. तो केवढा म्हणून सांगू, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी टाच. टिचकी मारली. काही नाही. वर पाहिलं तर आई बघत होती. माझा हात तिच्या नातीच्या पायावर होता आणि सोयर अजून उतरलं नव्हतं.

"आखो एक मार," आई म्हणाली. म्हणजे, अजून एक. "जोरबन मार ना!"

मारली. पाठ चोळली. लेकरू आक्रसलं, आणि मांजरीच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज निघाला. श्वास परत सुरू झाला. आई स्टुलावरून उठून जवळ आली आणि तिने माझा दुसरा हात, जो अजून लोंबतच होता, उचलून लेकराच्या पाठीवर नेऊन ठेवला. रीतीबद्दल ती त्यानंतर कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही.

पेटीतला मुलगा दुसऱ्या सकाळी गेला. रक्तात जंतू झाले होते, डॉक्टर म्हणाले. त्या बाईचा नवरा आणि सासू गुंडाळलेलं घेऊन जिना उतरले. ती मागे राहिली, कपडे भरत. जाण्याआधी ती माझ्या खुर्चीपाशी आली. हातात झाकलेली वाटी.

"तुनी पोरले देजा," ती म्हणाली. "नहीतं फुकट जाई."

मी वाटी घेतली. काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "बस मिळेल ना आता?"

"मिळी," ती म्हणाली, आणि गेली.

संध्याकाळी मेहुण्यांनी निकाल लावला. "पाहिलं ना दाजी? पेटीतलं गेलं, छातीवरचं राहिलं. मी म्हणतच होतो, मशीनमध्ये काही अर्थ नाही." आमदारांचा फोन ते पार विसरले होते. डॉक्टर तेवढ्यात राउंडला आले.

"असं नका म्हणू," डॉक्टर म्हणाले. "पेटीमुळे तो गेला नाही. पेटी असूनही गेला. तुमची जगते आहे ती छातीमुळेच, असंही मी म्हणणार नाही. दोन बाळांवरून काहीच ठरत नाही."

"मग कितीवरून ठरतं?"

"पुष्कळ लागतात. म्हणून विचारायचं होतं." ते माझ्याकडे वळले. "तुमच्या मुलीला माझ्या मोजणीत धरू का? नाव नाही लिहिणार. वजन, ताप, श्वास किती वेळा थांबला, एवढंच."

मी विचारलं, "त्यांचा मुलगा धरलाय?"

"धरलाय. कालपरवाच त्या दोघांना विचारून ठेवलं होतं. तो सोडून बाकीची मोजली तर मोजणीला अर्थ राहत नाही."

मी म्हटलं, धरा. मेहुणे कपाळाला हात लावून बाहेर गेले. आमची मुलगी तेव्हा कुठल्याच बाजूला नक्की नव्हती. डॉक्टरही तिला मोजणार होते ते पुढे काय होतं हे माहीत नसतानाच. हे मला विचित्रपणे सोयीचं वाटलं. दिवसभर जो तो मला सांगत होता की ती जगणार, आणि मला एकाचंही खरं वाटत नव्हतं. हा एकटा तसं सांगत नव्हता.

वजन आधी घटलं, मग थांबलं, मग एका सकाळी काटा इवलासा पुढे सरकला. बायको तोवर शुद्धीवर आली होती. नंतर तिला आलेला तापही उतरला. एके दिवशी तिला खुर्चीच्या गाडीवर बसवून वर आणलं. सिस्टरांनी माझ्या छातीवरचा पट्टा सोडला, मुलगी उचलली आणि बायकोच्या गाऊनच्या आत ठेवली. घाम आलेली माझी छाती एकदम उघडी पडली आणि पंख्याचा वारा तिला बोचला. मे महिन्यात.

बायकोने मान वाकवून खाली पाहिलं. मग म्हणाली, "हिचं नाक कोणावर गेलंय हो?"

मला सांगता येईना. इतके दिवस ती माझ्याच अंगावर होती, पण माझ्या हनुवटीखाली. मला तिची फक्त टाळू माहीत होती.

मी शर्ट घातला, बटणं लावली, आणि पुढे वाकून पहिल्यांदा तिचं तोंड पाहिलं.